बोगद्याच्या तोंडाशी ब्रेक

माझ्या गॅरेजमध्ये एकच धड खुर्ची आहे आणि तिच्यावर गेली वीस वर्षं एमिल झुर्को बसतो. खुर्ची माझी आहे, हे मी त्याला पहिली पाच वर्षं सांगून पाहिलं. तो दर वेळी "हो का?" म्हणायचा आणि कॉफीचा कप दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा. मग मी नाद सोडला आणि तेलाच्या पिंपावर बसायला लागले.

गॅरेज वडिलांनी सुरू केलं, पिट्सबर्गच्या ग्रीनफील्डच्या चढावर. दरवर्षी गाडी तपासून काचेवर स्टिकर लावून घ्यायचं हा राज्याचा नियम असल्यामुळे चढावरचं प्रत्येक माणूस वर्षातून एकदा माझ्या दारात येतंच. बहुतेक जण स्टिकर घेऊन जातात. तिघं तेवढे राहिले. एक एमिल. दुसरी लव्हर्न, जिने तीस वर्षं शहराची बस चालवली. तिसरा रीजिस, पावाची गाडी चालवतो. तो अजून नोकरीत आहे, पण ते त्याच्याकडे पाहून कुणाला पटणार नाही.

या तिघांचं काम म्हणजे रस्त्यांबद्दल बोलणं. फेब्रुवारी उजाडला, बर्फ वितळायला लागला आणि खड्डे वर आले, की माझ्या गॅरेजात उभं राहायला जागा नसते.

"आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा यंदा आठ वर्षांचा झाला," रीजिस सांगतो. "मी त्याला केक नेणार आहे."

"भरला होता की गेल्या साली," लव्हर्न म्हणते.

"भरला होता. त्याला ते आवडलं नाही."

लव्हर्नचं म्हणणं असं, की तिची बस कधीच उशिरा आली नाही, लोकच लवकर येऊन उभे राहायचे. आणि एमिलचं म्हणणं कशाबद्दल असेल हे ग्रीनफील्डात कुणालाही विचारा. बोगद्याबद्दल.

स्क्विरल हिलचा बोगदा आमच्या चढाच्या पायथ्याशी. जेमतेम पाऊण मैल. त्याच्या तोंडाशी राज्याच्या रस्ते खात्याची एक ओढगाडी उभी असायची आणि तिच्यात एमिल बसलेला असायचा, अडतीस वर्षं. गाडी आत बंद पडली की ओढून बाहेर काढायची, टायर फुटला तर बदलायचा. पण खरं काम उंच ट्रकांचं. बोगद्याची उंची तेव्हा साडेतेरा फूट. ते एक मैल आधी एका पाटीवर लिहिलेलं, अर्धा मैल आधी दुसऱ्या पाटीवर, आणि तोंडाशी दोन दिवे लुकलुकत असत. तरी महिन्यातून एखादा चौदा फुटांचा ट्रक येऊन छताला अडकायचाच. मग एमिल शांतपणे खाली उतरायचा, ट्रकच्या सगळ्या टायरांतली हवा सोडायचा, ट्रक चार बोटं खाली बसला की मागे ओढायचा. तोपर्यंत मागे शहराच्या वेशीपर्यंत रांग.

"ड्रायव्हर काय म्हणायचे?" मी एकदा विचारलं.

"सगळे एकच म्हणायचे. 'मला वाटलं जाईल.'"

त्याच बोगद्याची दुसरी तऱ्हा सगळ्या शहराला पाठ आहे. तोंडाशी आलं की इथला प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक मारतो. कारण काही नाही. रस्ता सरळ, आत दिवे लखलखीत. तरी पहिला मारतो, म्हणून दुसरा, आणि तीन मैल मागे उभ्या माणसाला कळतच नाही आपण का थांबलोय. मला त्या लोकांचा संताप येतो. मी बोगद्यात पूर्ण वेगाने शिरते आणि पुढच्याला नावं ठेवते, त्याच्या आईसकट. एमिलला मात्र त्यांचा कधी राग आला नाही.

"दार आहे ते, रॉझ," तो मला म्हणायचा. "दारातून आत जाताना माणूस जरा थबकतो. तू कुणाच्या घरात धावत शिरतेस का?"

"रस्त्याला कसलं आलंय दार?"

"मग तोंड आहे म्हण. तोंडात शिरताना तर थबकशील?"

रीजिसच्या मते हे सगळं ढोंग होतं. एमिल स्वतः बोगद्याशी ब्रेक मारतो ते पॉलीनमुळे. पॉलीन एमिलची बायको. तिला गाडी चालवता येत नाही. तिने कधी शिकायचा प्रयत्नही केला नाही, कारण तिच्या मते ती चालवतच होती, एमिल फक्त चाक धरून बसायचा.

दोघांची भेटसुद्धा बोगद्यातलीच. एमिल नोकरीला लागून दोन महिने झाले होते. पॉलीनच्या वडिलांनी ब्रॅडकमधलं बिऱ्हाड हलवलं, सगळं सामान एका ट्रकवर चढवलं आणि कपाट उभं बांधलं. ते छताला अडकलं. एमिल धावत गेला, तर आत बापाशेजारी बसलेली मुलगी हाताची घडी घालून म्हणाली, "मी सांगत होते कपाट आडवं घाला." तिच्या तोंडचं त्याने ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सत्तावन्न वर्षांच्या संसारात तिने कपाट तेवढं बदललं, वाक्य तेच ठेवलं. "मी सांगत होते उजव्या लेनमध्ये राहा." "मी सांगत होते तिथे जागा मिळणार नाही."

फक्त बोगद्यात पॉलीन गप्प बसायची. बोगद्याच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत श्वास रोखून धरायचा आणि मनात काहीतरी मागायचं, हा पोरांचा खेळ. सगळे बारा वर्षांचे झाले की सोडतात. पॉलीनने सोडला नाही. तोंडाशी आलं की ती गाल फुगवून बसायची आणि पलीकडे उजेडात आलं की "हं, तर मी काय सांगत होते" म्हणून पुन्हा सुरू. रीजिसचं गणित साधं होतं. माणूस ब्रेक मारतो तो शांतता लांबवायला.

"खरं का रे?" लव्हर्न विचारायची.

"मी खात्याचा माणूस होतो," एमिल म्हणायचा. "बोगद्याबद्दल बाहेर बोलायची मला परवानगी नाही." एवढं बोलून तो पुढचा तासभर बोगद्याबद्दल बोलायचा.

तीन वर्षांपूर्वी पॉलीनला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, जीभ शाबूत राहिली. घराला बाहेर सत्तावीस पायऱ्या आणि आत आणखी चौदा, त्यामुळे तिला बोगद्यापलीकडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. तेव्हापासून एमिल रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खुर्चीतून उठतो, त्याच्या जुन्या ब्यूक गाडीत बसतो आणि साडेअकराला तिच्यासमोर जेवायला हजर होतो. बसने जायचं तर दोन बस आणि दोन तास. ते लव्हर्नसुद्धा कबूल करते. पॉलीनच्या उशाशी रेडिओ असतो आणि त्यावर दर दहा मिनिटांनी रस्त्यांची बातमी. एमिल आत शिरला की ती त्याला हिशेब विचारते.

"रेडिओवाला म्हणाला बोगदा मोकळा आहे. मग चार मिनिटं कुठे होतास?"

"ब्रेक मारला."

"मी नसताना कशाला मारतोस?"

जानेवारीत पत्र आलं. राज्याचं खातं अधूनमधून वयस्कर ड्रायव्हरांची नावं काढतं आणि डॉक्टरकडून तपासून घ्या म्हणतं. एमिलचा जुना डॉक्टर निवृत्त झाला होता. नवा तरुण होता आणि शेजारच्या ओहायो राज्यातून आलेला. त्याने एमिलचे डोळे पाहिले, गुडघे ठोकले, "गाडी चालवताना काही त्रास?" असं विचारलं. एमिलने त्याला प्रामाणिकपणे बोगद्यातल्या गर्दीबद्दल वीस मिनिटं सांगितलं. डॉक्टरने कागदावर खूण केली: रस्त्यावरची परीक्षा पुन्हा घ्यावी.

"ऐंशी वर्षांचा आहे मी," एमिल माझ्या खुर्चीत बसून म्हणाला. "परवाना गेला तर मी रोज कसा जाणार गं?"

मला गप्प बसणं जमत नाही. "परवाना जाणार नाही," मी म्हटलं. "ऊठ. चावी घे. आजपासून शिकवणी."

साठ वर्षं गाडी चालवणाऱ्याला शिकवायचं काय, असं मला वाटलं होतं. पहिल्याच वळणावर कळलं.

"मरे ॲव्हेन्यूवर डावीकडे वळ," मी परीक्षकाच्या आवाजात म्हटलं.

"कुठे?"

"मरे ॲव्हेन्यू!"

"असं म्हण ना, चपलांच्या दुकानापाशी."

चपलांचं दुकान बंद होऊन पस्तीस वर्षं झाली. तिथे आता नखं रंगवून देतात. पण एमिलच्या डोक्यात शहर जसं होतं तसंच होतं. बँकेपाशी उजवीकडे, म्हणजे बँक पाडली ती जागा. जुन्या सिनेमापाशी सरळ, म्हणजे औषधांचं दुकान. त्याला एकाही रस्त्याचं नाव येत नव्हतं, मी चिडून वेडी व्हायची बाकी राहिले. त्याला ओरडता ओरडता मी म्हटलं, "आता इथून डावीकडे, हे, आपलं, त्या ह्याच्यावर," आणि माझ्या लक्षात आलं की माझं गॅरेज ज्याच्या कोपऱ्यावर आहे त्या आडव्या रस्त्याचं नाव मलाही माहीत नाही. मी त्याला जन्मभर 'कसायाची गल्ली' म्हणत आले. कसाई माझ्या आईच्या लग्नाआधी वारला.

मग नकाशा भिंतीवर लागला. तीन आठवडे लव्हर्न खडूने नावं लिहायची आणि एमिल पाठ म्हणायचा. लव्हर्नलाही निम्मी येत नव्हती, तिला फक्त थांबे येत होते.

पण खरी भानगड डाव्या वळणाची. डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेत आडवं जायचं. कायदा म्हणतो, समोरचे सगळे जाऊ देत, मग वळ. पिट्सबर्ग असं म्हणत नाही. इथे सिग्नल हिरवा झाला की समोरचा पहिला ड्रायव्हर क्षणभर थांबतो, हात हलवतो आणि डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला आधी जाऊ देतो. एकच गाडी, दुसरी नाही. रस्ते अरुंद आहेत, एक माणूस वळायचा थांबला की मागचे सगळे अडकतात, म्हणून आमच्या आजोबांनी कधीतरी हे ठरवून टाकलं. इथे कुणी जेवताना मीठ पुढे करत नसेल, पण डावं वळण देतो. परीक्षेत मात्र हे केलं की संपलंच. सिग्नल हिरवा झाला रे झाला की एमिलचा पाय आपोआप दाबला जायचा आणि ब्यूक समोरच्याच्या नाकासमोरून वळायची.

"नापास!" मी ओरडायची.

"पण तो थांबला होता. मी गेलो नसतो तर त्याला काय वाटलं असतं?"

"काहीही वाटू दे!"

"आपल्याला कुणी वाट दिली तर घ्यावी, रॉझ. नाहीतर त्याचा अपमान होतो."

सहा आठवडे मी त्याच्या शेजारी बसून दर सिग्नलला "थांब, थांब, थांब" म्हणत राहिले. माझा आवाज बसला. पॉलीनला हे कळल्यावर तिने केंद्रातून निरोप पाठवला, की मी सत्तावन्न वर्षं आवाज बसू दिला नाही, रॉझला म्हणावं पोटातून ओरड. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एमिल शिकला. हिरवा झाला तरी तो चाक घट्ट धरून बसायचा, समोरचा हात हलवायचा, तरी हा दगडासारखा.

परीक्षेच्या सकाळी मी रीजिसला आणि लव्हर्नला बजावलं, "तुम्ही दोघं इथेच थांबायचं. मदत करायची नाही." दोघांनी मान हलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण ती दोघं कधीही एका गोष्टीला एकाच वेळी मान हलवत नाहीत.

परीक्षा घेणारी बाई राज्याच्या पार पूर्व टोकाकडून बदलून आलेली. मिस प्रिडी तिचं नाव, बोलायला सभ्य. ती एमिलच्या शेजारी बसली, मी परीक्षा केंद्राच्या बाकावर. पुढचं मी दोन्ही बाजूंकडून इतक्यांदा ऐकलंय, की मी गाडीतच होते असं मला वाटतं.

पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. मिस प्रिडीने एकाही रस्त्याचं नाव घेतलं नाही. ती नुसतं म्हणायची, "पुढच्या सिग्नलला उजवीकडे." भिंतीवरचा सगळा नकाशा फुकट गेला. एमिल ज्याला त्याला वाट देत होता आणि आरशांत पाहत होता. मग ती म्हणाली, "पुढच्या सिग्नलला डावीकडे."

सिग्नल लाल होता. एमिल थांबला, वळणाचा दिवा लावला. समोर पहिल्याच जागी एक पावाची गाडी उभी होती. तिच्यात रीजिस. परीक्षेची वाट ठरलेली असते, ती हेरून रीजिसने ठरवलं होतं, म्हाताऱ्याला या अवघड वळणावर सांभाळून घ्यायचं, कुणी त्याच्यावर चालून येऊ द्यायचं नाही. मागे भोंगा वाजवणारं कुणी येऊ नये म्हणून एमिलच्या पाठोपाठ लव्हर्न तिची गाडी घेऊन उभी होती. सहा आठवडे मी एमिलला काय शिकवलं, हे दोघंही माझ्या पिंपाशेजारी उभे राहून ऐकत होते. पण प्रेमात माणसाची अक्कल जाते ती अशी.

सिग्नल हिरवा झाला. रीजिसने हात हलवला. ये.

एमिलने चाक घट्ट धरलं आणि हात हलवला. तू जा.

रीजिसला वाटलं, म्हातारा घाबरलाय. त्याने आणखी मोठा हात हलवला आणि गाडीचा दिवा उघडझाप केला. एमिलला वाटलं, हा माझी परीक्षा बुडवायला आलाय. त्यानेही दिवा उघडझाप केला. सिग्नल लाल झाला.

"मिस्टर झुर्को," मिस प्रिडी म्हणाली, "ते तुम्हाला जायला सांगतायत."

"कायद्याने आधी त्यांनी जायचं, मॅडम."

"बरोबर आहे. पण ते थांबलेत."

"त्यांना सवय आहे," एमिल म्हणाला. "वाईट सवय."

दुसऱ्यांदा हिरवा झाला. रीजिस आता खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "अरे जा ना, एमिल!"

"तूच जा!"

"तुम्ही ओळखता यांना?" मिस प्रिडीने विचारलं.

"पावामुळे," एमिल म्हणाला.

रीजिसच्या मागे एव्हाना चाळीस गाड्या आणि एमिलच्या मागे लव्हर्न आणि तिच्यामागे एक शाळेची बस. पुन्हा लाल झाला. मागच्या कुणीतरी भोंगा वाजवला, तशी लव्हर्न गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मध्ये उभी राहिली आणि तीस वर्षं बसमध्ये वापरलेल्या आवाजात म्हणाली, "आज इथे कुणालाही घाई नाही!"

तिसऱ्यांदा हिरवा झाल्यावर मिस प्रिडीने परीक्षेचा कागद लावलेली फळी मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मिस्टर झुर्को, परमेश्वरासाठी वळा."

"हा सरकारी हुकूम समजायचा का, मॅडम?"

"समजा."

एमिल वळला. वळता वळता त्याने रीजिसला आभाराचा हात केला, कारण तो केल्याशिवाय इथे कुणी वळत नाही.

परवाना गेला नाही. मी बाकावरून उडी मारली आणि एमिलला मिठी मारली. त्याने नुसता कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, 'कमालीचा सावध, प्रतिक्रिया संथ'. आणि खाली एक अट होती. फक्त दिवसा, फक्त शहरातल्या रस्त्यांवर. वेगमार्गावर मनाई.

बोगदा वेगमार्गावर आहे.

"अडतीस वर्षं मी लोकांना त्याच्यातून सुखरूप बाहेर काढलं," गाडीत बसल्यावर एमिल म्हणाला. "आणि आता मीच जायचं नाही." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला इतकं वाईट वाटलं होतं की मी त्याच्या काचेवरचं स्टिकर नीट आहे का ते तपासत बसले. रीजिसला मी दोन दिवस कॉफी दिली नाही, लव्हर्नला एक.

एमिल डोंगरावरून जायला लागला, फ्रिक पार्कच्या कडेने. अठरा सिग्नल, पाच डावी वळणं, पन्नास मिनिटं. आता तो माझ्या खुर्चीतून अकरा दहाऐवजी दहा चाळीसला उठायचा आणि साडेअकराला केंद्रात हजर. त्या अटीबद्दल पॉलीनला त्याने काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणाला. खरं म्हणजे तिला कळलं तर ती 'मी सांगत होते' म्हणेल याची त्याला भीती होती.

चौथ्या दिवशी तिने चमचा खाली ठेवला.

"एमिल, चार दिवस झाले. तू बोगद्याचं नावही काढलं नाहीस."

"गर्दी नव्हती."

"काल आत ट्रक अडकला होता. रेडिओवर अर्धा तास तेच चाललं होतं. आणि तू म्हणतोस गर्दी नव्हती. काय झालंय?"

त्याने सांगितलं. ती ऐकून हसायला लागली, उजव्या बाजूने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी सत्तावन्न वर्षं सांगत होते हळू चालव, हळू चालव, ते शेवटी सरकारने कागदावर लिहून दिलं!"

हे सगळं एमिलने मला गॅरेजात येऊन सांगितलं, तिची नक्कल करून. मीही हसले. मग तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "नंतर तिने रेडिओ बंद करायला लावला. म्हणाली, आता त्या बोगद्याच्या बातम्या ऐकून मला काय करायचंय. तू तर त्यात नसतोस."

मला राहवलं नाही. खात्याच्या अटीत एमिलने चालवायचं नाही एवढंच लिहिलं होतं. त्याने बसायचं नाही, असं कुठे होतं? ईस्टरच्या आदल्या शनिवारी सणाच्या खाण्याच्या टोपल्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. तीन वर्षांत पॉलीन त्याला आली नव्हती. मी केंद्राला फोन केला, चाकांची खुर्ची मावेल अशी गिऱ्हाईकाची मोठी गाडी विचारून घेतली आणि शनिवारी सकाळी दोघांना मागच्या सीटवर बसवलं. पॉलीनच्या मांडीवर टोपली. तीत विणलेल्या कापडाखाली ईस्टरचा गोड पाव, सॉसेज, रंगवलेली अंडी आणि बीट घातलेला झणझणीत मुळा.

"रॉझ, उजव्या लेनमध्ये राहा," पॉलीन म्हणाली.

"राहतेय."

"रॉझ, तो ट्रक बघ. चौदा फुटांचा दिसतोय. एमिल, दिसतो की नाही?"

"साडेतेरा," एमिलने न बघता सांगितलं.

"मी सांगते, चौदा आहे. रॉझ, त्याच्यामागे राहू..."

बोगदा आला. पॉलीनने गाल फुगवले. मी नेहमीसारखी पूर्ण वेगाने शिरले, मिनिटाभरात पलीकडच्या उजेडात. तिने श्वास सोडला.

"पॉलीन," एमिल म्हणाला, "इतकी वर्षं तू आत मागतेस तरी काय?"

"तुला इतकी वर्षं विचारायचं सुचलं नाही?"

"आत तू गप्प असायचीस. मला वाटायचं, कशाला छेडा."

मी आरशात पाहून हसू दाबलं. रीजिस बरोबर होता तर.

"ट्रकवाल्यांना वाचायला येऊ दे, एवढंच मागायची," पॉलीन म्हणाली. "त्या टायरांतली हवा सोडायला तू खाली वाकायचास आणि बाजूने गाड्या सुसाट जायच्या. ते मला दिसलंय. आमच्याच कपाटापायी दिसलंय. मग रोज मागायची, आज याला खाली उतरायला लागू नये. संध्याकाळी अख्खा घरी येऊ दे."

"मी नोकरी सोडून वीस वर्षं झाली," एमिल म्हणाला.

"मला कुणी थांब सांगितलं नाही."

चर्च झालं. माझ्याकडे सगळे जेवलो. लव्हर्नने पॉलीनला बसच्या गोष्टी सांगितल्या, पॉलीनने त्या दुरुस्त केल्या. रीजिस पाव घेऊन आला आणि सबंध वेळ दाराशीच उभा राहिला, कारण त्याला बस असं कुणी म्हटलं नाही. चार वाजता पॉलीनला परत पोचवायचं होतं. टोपली रिकामी झाली होती, तरी तिने ती मांडीवरच ठेवली. उताराला लागलो आणि ती माझ्या लेनबद्दल बोलत राहिली, फक्त आवाज बारीक झाला होता. एमिलने तिचा हात धरला होता, डावा, जो तिला कळत नाही तो.

बोगद्याचं तोंड समोर आलं. पॉलीनने श्वास घेतला. मी आरशात पाहिलं. ऐंशी वर्षांचा एमिल झुर्को, खात्याचा माणूस, गाल फुगवून बसला होता.

माझ्यापुढे रस्ता अगदी मोकळा होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तसाच ठेवला. बोगद्यात आम्ही इतक्या हळू शिरलो की भिंतीवरच्या फरशा मोजता आल्या असत्या. दोघांचे चेहरे लाल व्हायला लागले. पॉलीनने उजव्या हाताने माझ्या खांद्यावर दणका घातला. तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून दुसरा घातला. मी पाय काढला नाही.

मागच्या सगळ्या गाड्या मुकाट हळू झाल्या. एकानेच भोंगा वाजवला. ओहायोचा असणार.